ब्रँडी नक्की कुठली घ्यायची? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

गेल्या महिन्यात थंडीतल्या पेयांवर लिहिताना ब्रँडीवर जेमतेम दोन ओळी लिहिल्या होत्या, त्यावरून एवढी पत्रं आली की ह्यावेळचा अख्खा कॉलम तिलाच द्यायचं ठरवलं. बारा वर्षं हॉटेलच्या बारमागे आणि नंतर नाशिकला वाइनरीत काम केल्यामुळे हा विषय माझ्या फार जवळचा आहे. आपल्याकडे ब्रँडी म्हणजे एकतर औषध नाहीतर स्वस्तातली दारू असंच धरून चालतात, त्याचं मला खरंच वाईट वाटतं. सगळ्या पत्रांना जागा नाही, पण सारखे सारखे आलेले प्रश्न घेतलेत.

ताई, आमच्या इथे वाइन शॉपमध्ये ब्रँडीची क्वार्टर अगदी स्वस्तात मिळते आणि मित्राने फ्रान्सहून आणलेली बाटली पाच हजारांच्या पुढची आहे. दोन्हीवर ब्रँडीच लिहिलंय, मग फरक नक्की कशाचा, नुसत्या नावाचा का? (वाचक, सोलापूर)

नाही दादा, फरक मुळातलाच आहे, म्हणजे कशापासून बनवली त्याचा. ब्रँडी म्हणजे फळाच्या रसाची आधी वाइन करायची आणि मग ती वाइन भट्टीवर चढवून तिचा अर्क काढायचा. नावसुद्धा तिथूनच आलंय, डच लोक तिला ब्रांडेवाइन म्हणायचे, म्हणजे आचेवर चढवलेली वाइन. नुसतं ब्रँडी म्हटलं की द्राक्षाची, दुसऱ्या फळाची असेल तर जगभरात त्या फळाचं नाव लावतात किंवा तिला वेगळंच नाव असतं.

आता आपल्याकडची गंमत बघा. आपल्या देशातल्या नियमात द्राक्षाची ब्रँडी वेगळी आणि ब्लेंडेड ब्रँडी वेगळी, आणि ब्लेंडेडमध्ये द्राक्षाचा खरा अर्क किमान २ टक्के असला तरी चालतं, बाकीचं मळीपासून किंवा धान्यापासून काढलेलं न्यूट्रल अल्कोहोल, रंगाला कॅरॅमल आणि वासाला फ्लेवर. म्हणजे तुमच्या क्वार्टरमध्ये द्राक्ष आहे पण चिमूटभर, आणि मित्राच्या बाटलीत सगळंच द्राक्षाचं. त्यात फसवणूक नाहीये, नियमातच तसं आहे, फक्त लेबल नीट वाचायची आपल्याला सवय नाही. लेबलवर ग्रेप ब्रँडी किंवा शंभर टक्के द्राक्ष असं स्पष्ट लिहिलंय का ते बघा. आणि अल्कोहोलचं प्रमाण म्हणून ४२.८ टक्के हा आकडा दिसला तर बिचकू नका, आपल्याकडच्या दारवांचा तो जुना ठरलेला जोर आहे, बाहेरच्या बाटल्यांवर बहुतेक ४० असतं.

ह्याच्याशी आपल्या मातीचं नातंही आहे. देशात ब्रँडी सगळ्यात जास्त पितात ती दक्षिणेत, तमिळनाडू, केरळ, आंध्र, कर्नाटक, पण तिथे घरोघर ओळखीची असलेली मॅन्शन हाउस ज्या टिळकनगर इंडस्ट्रीजची, ती कंपनी आपल्या श्रीरामपूरची, १९३३ साली महादेव डहाणूकरांनी साखर कारखाना म्हणून सुरू केलेली. आणि ज्या नाशिकला एवढी द्राक्षं, तिथे सुला ह्या वाइनरीने जानस नावाची निव्वळ द्राक्षाची ब्रँडी काढली होती. तुमच्या दुकानात निव्वळ द्राक्षाचं असं काही आहे का विचारा, एकदा ते आणि तुमची क्वार्टर शेजारी शेजारी ठेवून बघा. दोन्हीत थोडं साधं पाणी घाला, पाच मिनिटं थांबा आणि मग वास घ्या. फ्लेवरवाल्या ब्रँडीचा गोड वास माझ्या अनुभवात लगेच विरतो आणि मागे नुसतं स्पिरिट राहतं, द्राक्षाची असेल तर पाणी घातल्यावर उलट उमलते.

सासऱ्यांची पंच्याहत्तरी आहे, मोठे दीर दुबईहून येताना ड्यूटी फ्रीमधून कोन्याक आणणार आहेत. व्हीएस, व्हीएसओपी, एक्सओ असं काय काय असतं, एक्सओची किंमत बघून तर घाबरायलाच झालं, नक्की काय सांगू त्यांना? (वाचक, पुणे)

वहिनी, आधी कोन्याक म्हणजे काय ते सांगते मग निवड आपोआप सोपी होईल. कोन्याक हे फ्रान्सच्या पश्चिमेला शारांत नदीकाठचं एक गाव आहे, आणि त्याच्या आजूबाजूच्या ठरवून दिलेल्या टापूत बनलेल्या ब्रँडीलाच कोन्याक म्हणता येतं, बाकी जगात कुणी कितीही छान बनवली तरी ती ब्रँडीच. द्राक्ष जवळजवळ सगळं उनी ब्लाँ जातीचं, पांढरं, आंबट. त्याची वाइन पातळ आणि आंबटढाण, नुसती प्यायला मजा नाही, पण भट्टीसाठी तीच पाहिजे कारण आंबटपणामुळे ती टिकते आणि अर्क स्वच्छ येतो. ती तांब्याच्या भट्टीत दोनदा चढवतात, साधारण ९ लिटर वाइनमधून १ लिटर अर्क हाती लागतो, आणि हे सगळं ३१ मार्चच्या आत उरकायचं असा कायदाच आहे, कारण ऊन वाढलं की वाइन बिघडते. मग तो अर्क ओकच्या पिंपात.

तुम्ही विचारलेली अक्षरं म्हणजे पिंपात किती वर्षं काढली त्याची खूण. व्हीएस (व्हेरी स्पेशल) म्हणजे किमान २ वर्षं, व्हीएसओपी (व्हेरी सुपीरियर ओल्ड पेल) म्हणजे किमान ४, आणि एक्सओ (एक्स्ट्रा ओल्ड) म्हणजे किमान १०. एक्सओ आधी ६ वर्षांची असायची, २०१८ पासून १० केली. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कोन्याक ही बहुतेक वेळा कित्येक अर्कांची सरमिसळ असते आणि हे वर्ष त्यातल्या सगळ्यात लहान अर्काचं मोजतात, म्हणजे व्हीएसओपीत ७-८ वर्षांचा अर्कही असू शकतो. अक्षरं इंग्रजीत का, तर कोन्याकचं मोठं गिऱ्हाईक इंग्लंड होतं. कोन्याक बनवणाऱ्या मोठ्या घराण्यांतलं हेनेसी तर १७६५ साली एका आयरिश माणसाने काढलेलं, मार्टेल त्याच्याही आधीचं, १७१५ चं.

माझं मत विचाराल तर दिरांना सांगा चांगल्या घराण्याची व्हीएसओपी आणा, आणि बाटलीवर फीन शाम्पान्य असं लिहिलेली मिळाली तर तीच घ्या. ह्या शाम्पान्यचा फसफसणाऱ्या शॅम्पेनशी संबंध नाही, कोन्याकच्या टापूतला चुनखडीच्या जमिनीचा जो सगळ्यात नावाजलेला भाग आहे त्याचं हे नाव, ग्रांद शाम्पान्य आणि पेतीत शाम्पान्य असे दोन भाग, आणि दोघांची मिळून केलेली, त्यात निम्मी तरी ग्रांदची, ती फीन शाम्पान्य. सासरे रोज एखादा पेग सावकाश पिणारे असतील आणि बजेट असेल तर एक्सओ जरूर घ्या, त्यात सुकं अंजीर, जुनं लाकूड, चामड्यासारखा एक वास असं बरंच काही असतं. पण सोडा घालून पिणारे असतील तर एक्सओचे पैसे सोड्यात जातील. आणि हो, माणशी २ लिटरचीच सूट आहे एअरपोर्टवर, त्यात दिरांच्या बाकीच्या बाटल्याही आल्या.

एक सावधगिरी. मी एकदा एका एअरपोर्टच्या दुकानातून सोनेरी लेबलची छान खोक्यातली एक्सओ घाईघाईत घेतली, घरी येऊन बघते तर कोन्याक हा शब्दच नाही कुठे, साधी ब्रँडी, आणि अक्षरं मात्र तीच. त्या टापूच्या बाहेर एक्सओला तो कायदा लागू नाही. म्हणून आधी कोन्याक हा शब्द शोधा, अक्षरं नंतर वाचा.

कोन्याक दोन-तीन वेळा प्यायलो पण मला ती फार गुळगुळीत वाटली, सांगायला बोचरं काही नाही. ह्याच्यापेक्षा वेगळ्या चवीची ब्रँडी असते का? (वाचक, ठाणे)

असते ना, आणि हा प्रश्न वाचून मला फार आनंद झाला कारण माझी स्वतःची आवडती ब्रँडी तुमच्या ह्या तक्रारीचंच उत्तर आहे. तिचं नाव आर्मान्याक. फ्रान्सच्याच दक्षिण-पश्चिमेला गास्कनी नावाचा शेतकरी मुलूख आहे तिथली, आणि कोन्याकपेक्षा जुनी. १३१० सालचा व्हिताल द्यु फूर नावाच्या एका धर्मगुरूचा मजकूर आहे ज्यात ह्या अर्काचे ४० गुण सांगितलेत.

कोन्याक दोनदा आसवतात, आर्मान्याक बहुतेक एकदाच, उभ्या थरांच्या तांब्याच्या भट्टीत, आणि अर्क निघतो तो साधारण ५२ ते ६० टक्क्यांवर, कोन्याकचा सत्तरीच्या आसपास. आता जितका जोर कमी तितकं वाइनमधलं बाकीचं सामान अर्काबरोबर जास्त येतं, म्हणून तरुण आर्मान्याक खडबडीत लागते, घशाला जाणवते, आणि वय झाल्यावर त्याच सामानातून आलुबुखार, सुपारी, जायफळ असल्या चवी बाहेर पडतात. आपण घरी केलेला साजूक तुपाचा वास आणि डेअरीच्या तुपाचा वास, तसा काहीसा फरक. अजूनही तिकडे काही ठिकाणी भट्टी चाकांवर घालून शेतोशेती फिरवतात, हिवाळ्यात शेतकऱ्याच्या अंगणात लाकडाच्या आगीवर त्याचीच वाइन आसवून देतात, आपल्याकडे उसाचं गुऱ्हाळ लागतं ना तसंच वातावरण.

आर्मान्याकचं आणखी एक सुख म्हणजे सालाची बाटली मिळते. म्हणजे एकाच वर्षीच्या द्राक्षाची, बाटलीवर ते साल छापलेलं, किमान १० वर्षं पिंपात राहिलेली. कुणाच्या जन्मसालाची किंवा लग्नाच्या सालाची बाटली शोधायची असेल तर कोन्याकपेक्षा इथे सोपं जातं आणि त्या वयाच्या मानाने स्वस्तही पडते. लेबलवर बास आर्मान्याक असं असेल तर अजून चांगलं, तिथल्या वाळूच्या जमिनीतली नाजूक येते.

गोडाकडे ओढा असेल तर स्पेनची ब्रँडी दे हेरेस बघा. तिथे शेरी वाइन ज्या पिंपात ठेवतात त्याच पिंपात ब्रँडी मुरवतात आणि पिंपांच्या ओळी एकावर एक रचून खालच्या ओळीतून थोडी काढायची, ती वरच्या ओळीतून भरायची, असं सतत चालू ठेवतात, त्याला सोलेरा म्हणतात. आपल्याकडे विरजण कसं आदल्या दह्याचंच पुढे चालू राहतं, तसं त्यात जुन्याचा थोडा अंश कायम राहतो. सोलेरा, सोलेरा रेसेर्व्हा, सोलेरा ग्रान रेसेर्व्हा अशा तीन पायऱ्या, ग्रान रेसेर्व्हा घ्या. रंग काळपट, चव मनुका आणि खजुराची.

सफरचंदाची काल्व्हादोस, नॉर्मंडीची, तीही कधीतरी. पण तुम्हाला बोचरं हवंय, तर आर्मान्याकनेच सुरुवात करा.

रंग जितका गडद तितकी ब्रँडी जुनी, असं आमच्या ग्रुपमध्ये सगळे म्हणतात. खरंय का? (वाचक, नागपूर)

नाही. कोन्याकमध्येसुद्धा कॅरॅमल घालायला परवानगी आहे, थोडी साखर आणि ओकचा काढा घालायलाही. रंगावरून वय ओळखू नका.

माझे वडील मर्चंट नेव्हीत होते. १९८८ साली त्यांनी आणलेली कोन्याकची सीलबंद बाटली त्यांच्या कपाटात तशीच आहे. ते दोन वर्षांपूर्वी गेले. आता ती चांगली असेल का, आणि इतक्या वर्षांनी अजून चांगली झाली असेल ना? (वाचक, रत्नागिरी)

तुमचं पत्र दोनदा वाचलं. आधी खरं ते सांगते, बाटलीत ब्रँडीचं वय वाढत नाही. लाकडाशी आणि हवेशी तिचं जे देणंघेणं असतं ते पिंपातच, काचेत गेली की थांबलं. कोन्याकमध्ये तर फार जुने अर्क लाकूड जास्त होऊ नये म्हणून मुद्दाम पिंपातून काढून काचेच्या मोठ्या बुधल्यांत ठेवतात, त्या खोलीला ते लोक स्वर्ग म्हणतात. म्हणजे तुमच्या वडिलांनी १९८८ साली जशी घेतली तशीच ती आज असणार, आणि मला वाटतं हेच जास्त मोलाचं आहे.

आता बाटली हातात घेऊन पातळी बघा. मानेपर्यंत असेल तर उत्तम, खांद्याच्या खाली आली असेल तर बुचातून थोडी उडालीये, तरी प्यायला हरकत नाही, जोर आणि वास जरा उतरलेला असेल. आडवी ठेवली असेल तर आजच उभी करा, वाइनसारखं हिला बूच ओलं लागत नाही, उलट अल्कोहोल बूच खातं. उघडताना बूच तुटण्याची शक्यता धरून चाला, म्हणून आधी स्वच्छ मलमलचा तुकडा आणि एक कोरडी काचेची बाटली जवळ ठेवा, बूच हळूहळू फिरवत काढा, ओढू नका. तुकडे पडले तर गाळून घ्या, काही बिघडत नाही. एकदा उघडली की अर्धी-पाऊण रिकामी बाटली वर्षानुवर्षं ठेवू नका, हवेने ती मंद होते, उरलेली छोट्या बाटलीत काठोकाठ भरून ठेवा.

आणि उघडा. त्यांच्या वाढदिवसाला त्यांचे जहाजावरचे कुणी दोस्त असतील त्यांना बोलवा आणि उघडा.

बाळ चार महिन्यांचं आहे, सर्दी झाली की सासूबाई छातीला ब्रँडी चोळतात आणि दोन थेंब चाटवायलाही सांगतात, म्हणतात आमची सगळी मुलं ह्याच्यावरच वाढली. द्यावी का? (वाचक, नाशिक)

नाही ताई. चाटवायची नाही आणि चोळायचीही नाही, अगदी दोन थेंबसुद्धा नाही. एवढ्या लहान बाळाचं लिव्हर अल्कोहोल पचवू शकत नाही, त्याची रक्तातली साखर एकदम उतरू शकते, आणि त्याची त्वचा इतकी पातळ असते की चोळलेलंही आत जातं, वर चोळताना वाफ नाकातून जाते ती वेगळीच. सासूबाई प्रेमानेच सांगतायत आणि त्यांच्या काळात ते खोटं वाटायचं कारण नव्हतं, तेव्हा डॉक्टरसुद्धा ब्रँडी द्यायचे, दवाखान्यात औषधांच्या कपाटात असायची. पण ऊब वाटते ती फसवी आहे, अल्कोहोलने कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंद होतात, रक्त वर येतं म्हणून गरम वाटतं आणि त्याच वाटेने अंगातली उष्णता बाहेर जाते. मोठ्या माणसालासुद्धा थंडीत ब्रँडीने अंग तापत नाही, निवतं. बाळाचं नाक चोंदलं असेल, दूध ओढत नसेल, श्वास जोरात चालला असेल तर त्याच दिवशी मुलांच्या डॉक्टरकडे न्या. सासूबाईंना हा कॉलम माझ्या नावाने वाचून दाखवा.

मी २३ वर्षांचा आहे, सुरुवात कुठल्या ब्रँडीने करू? (वाचक, छत्रपती संभाजीनगर)

अजून दोन वर्षांनी विचार रे. महाराष्ट्रात ब्रँडी-व्हिस्कीसाठी वयाची अट २५ पूर्ण आहे, आणि त्यानंतर परमिटही काढायचं असतं.

आम्ही बांद्याचे, गोव्याला लागूनच. इथे काजूची फेणी सगळे पितात. ती ब्रँडीत मोडते का हो? (वाचक, सिंधुदुर्ग)

मोडते, आणि ही गोष्ट मी परदेशी पाहुण्यांना नेहमी अभिमानाने सांगायचे. काजूची फेणी म्हणजे बोंडवाच्या, म्हणजे काजूच्या फळाच्या, रसाचा अर्क, म्हणजे व्याख्येप्रमाणे फळाची ब्रँडीच. खाली गळून पडलेलेच बोंडू घेतात, तोडायचे नाहीत, दगडातल्या कुंडीत पायाने तुडवायचे, रस दोन-तीन दिवस आंबवायचा आणि भाटीवर चढवायचा. पहिल्या धारेचा हुर्राक, हलका, उन्हाळ्यातच संपवायचा. तो परत ताज्या आंबवलेल्या रसात घालून चढवला की फेणी. कोन्याकवाले दोनदा आसवतात आणि आपलेही दोनदाच, फक्त ते वर्षानुवर्षं लाकडात ठेवतात आणि आपण काचेत, त्यामुळे बोंडवाचा वास जसाच्या तसा राहतो. काजूच्या फेणीला २००९ साली जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, म्हणजे कोन्याकसारखीच ती फक्त गोव्याचीच. माडाची फेणी मात्र ह्यात धरू नका, ती सुरेपासून (माडीपासून) होते, फळापासून नाही.

ज्याला फेणी आवडते त्याला इटलीची ग्राप्पा किंवा पेरू देशाची पिस्को चटकन कळते, लाकडाचा लेप नसलेल्या, फळाच्या तोंडावळ्याच्या. आणि फेणीचा वास ज्यांना सहन होत नाही त्यांना मी सांगते, आधी हुर्राक लिंबू-मीठ घालून घ्या मग बोला.

नाताळच्या केकसाठी मनुका-टूटीफ्रूटी भिजवायला महागाची ब्रँडी लागते का? (वाचक, वसई)

अजिबात नाही, साखर आणि मसाल्यात कोन्याकचं सगळं नाजूकपण हरवतं. साधी घ्या, फक्त जिचा वास तुम्हाला कच्चा घ्यायला बरा वाटतो अशी. फळं बुडतील इतकीच घाला, बरणी आठवड्यातून एकदा उलटीसुलटी करा, महिनाभर तरी मुरू द्या. केकमध्ये थोडं अल्कोहोल राहतंच, मुलं खाणार असतील तर त्यांच्यासाठी संत्र्याच्या रसात वेगळी भिजवा.

चांगली ब्रँडी प्यायची कशी? पिक्चरमध्ये तो मोठा फुगीर ग्लास मेणबत्तीवर गरम करतात तसं करायचं का? (वाचक, कोल्हापूर)

मेणबत्ती नको, त्याने अल्कोहोलची वाफ उठून नाकात झणका बसतो आणि बाकीचं काही कळत नाही. तो फुगीर ग्लासही नको, त्यापेक्षा तोंडाशी निमुळता छोटा ग्लास बरा, नसेल तर घरातला वाइनचा लहान ग्लास. तीस मिली घाला आणि दहा मिनिटं नुसता हातात धरा, हाताची ऊब पुरे. वास घेताना नाक एकदम आत खुपसू नका, ग्लास आधी हनुवटीपाशी धरा, तिथे फुलं-फळं येतात, मग हळूहळू वर आणा तसं लाकूड आणि मसाला येतो. घोट अगदी छोटा, जिभेवर जरा थांबवून. रोजची साधी ब्रँडी असेल तर गरम पाणी, लिंबू, थोडा मध घालून घ्या, बर्फ-सोडाही चालेल, त्यात कमीपणा काही नाही.

आणि एक करा. रिकामा ग्लास रात्री धुऊ नका, ओट्यावर तसाच ठेवा. सकाळी चहाच्या आधी त्याचा वास घ्या. कोन्याकचे मुरलेले लोक हे करतात, कारण अल्कोहोल रात्रीतून उडून गेलेलं असतं आणि तळाशी जे उरतं ते द्राक्षाचं आणि लाकडाचं, झाकायला काही नसतं. साध्या ब्रँडीचा ग्लास सकाळी जवळजवळ निर्विकार असतो. चांगलीचा मात्र मनुका, ओलं लाकूड, कधी व्हॅनिला, कधी जुन्या पुस्तकाच्या कपाटासारखा येतो. तुमच्या ग्लासात काय आलं ते मला लिहून कळवा, पुढच्या अंकात छापते.